नववं कलम

३ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. मी बरी आहे. तूही बरी असशील असं धरून पुढचं लिहिते.

गुडघ्याचं विचारलं होतंस. तू पाठवलेले बूट आठ दिवस घातले. डावी टाच तू अर्ध्या सेंटीमीटरने उचललीस, ते पहिल्या दिवशी मला मुळीच पटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी जिना उतरले आणि खाली आल्यावर लक्षात आलं की कठड्याला हात लावायचा राहिला. तेव्हा तुझं बरोबर होतं. हे वाक्य मी फारसं लिहीत नाही, जपून ठेव.

स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त झाला. शेजारच्या बाईंची मुलगी परदेशी गेली, त्यामुळे त्या आता रोज सकाळी माझ्याकडे येऊन बसतात आणि मला पेपर वाचू देत नाहीत. बाकी इथे सांगण्यासारखं काही नाही.

आता कामाचं. हे फोनवर बोलता आलं असतं. पण तुझे हात तळ चिकटवायच्या सोल्यूशनने बरबटलेले असतात म्हणून तू स्पीकर लावतेस, आणि मग आपलं बोलणं तू, तुझा नवरा, दोन कारागीर आणि पट्टे शिवणारी बाई असे पाच जण ऐकतात. हे पत्र तू एकटीने वाचावंस असं मला वाटतं.

पंधरा तारखेला तू आणि बाळ ज्या करारावर सह्या करणार आहात त्याबद्दल लिहिते आहे. घर तुझ्या नावावर, कारखाना पूर्णपणे त्याच्या नावावर, म्हणजे नवा भागीदार घ्यायला तो मोकळा. असा तो करार. मागच्या रविवारी तू म्हणालीस, "ताई, पानापानावर तुमची खूण आहे, मग मी कशाला डोळे फोडू?" मी तेव्हा हसले. हसायला नको होतं.

सही करण्याआधी तो कागद एका वकिलाला दाखव. बाळ माझा भाऊ आहे आणि त्याने आणलेले वकील सज्जन आहेत, मला माहीत आहे, पण ते बाळचे वकील आहेत. एका साच्यावर तू दोन माणसांचे बूट कधी केलेस का? नवरा-बायको असली तरी पाय वेगळे असतात. तुला तुझा वकील हवा.

तुमच्याकडे मोठ्या दवाखान्यासमोर औषधाचं दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर एका वकीलबाईंचं ऑफिस आहे. त्यांची आपल्यापैकी कुणाशीही ओळख नाही, म्हणूनच त्यांचं नाव घेतलं आहे. तिथे एकटी जा. बाळला सांगून जा, चोरून नको. पण आत एकटी बस. त्या विचारतील त्याची उत्तरं दे आणि तुला जे समजत नाही ते विचार. लाजायचं कारण नाही.

हे मला आत्ताच का सुचलं असं तुला वाटेल. गेल्या आठवड्यात पेन्शनच्या एका कागदासाठी मी माझ्या जुन्या विद्यार्थिनीकडे गेले होते. वर्गात तिला सगळे चिमणी म्हणत. आता ती वकील आहे आणि तिचा आवाज तीन खोल्यांपलीकडे ऐकू येतो. तुमच्या कराराची प्रत पिशवीत होती, सहज दाखवली. तिने सांगितलं की असे कागद करताना दोघांनी वेगवेगळा सल्ला घ्यावा, हे चांगलं. एक सर्वसाधारण पद्धत म्हणून सांगितलं. तुमच्या वकीलबाईंचं नावही तिनेच दिलं.

तू म्हणशील, ताई, तुम्ही वाचलंय ना. वाचलंय. पण मी सदतीस वर्षं शाळेत भाषा शिकवली आहे, कायदा नाही. माझी खूण म्हणजे वाक्य नीट आहे एवढंच समजायचं.

नव्या बुटांचा उजवा पट्टा जरा घट्ट आहे. मी बसवते आहे, तू काही करू नकोस.

तुझी
ताई


९ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस,

तुझं पत्र काल मिळालं. तू पत्र लिहिलंस याचंच मला नवल वाटलं. एकवीस वर्षांत तुझ्या हाताने लिहिलेलं माझ्याकडे फक्त बुटांच्या खोक्यांवर आहे: "ताई, डावा", "ताई, उजवा".

तू लिहितेस की वकिलाकडे जाणं म्हणजे अविश्वास दाखवणं. "हे काय म्हणतील, चारचौघं काय म्हणतील, भागीदाराला कळलं तर तो काय म्हणेल." आणि शेवटी तू एक प्रश्न विचारतेस. तो जसाच्या तसा उतरवते, कारण मला तो काल दिवसभर ऐकू येत होता. "ताई, तुम्हाला त्यात काही वाईट दिसलं असतं तर तुम्ही खूण केली असती का?"

प्रश्न सरळ आहे. सरळ उत्तर द्यायला मला एक दिवस लागला.

केली असती. केली आहे.

थांब, आता पत्र टाकून देऊ नकोस. क्रमाने सांगते.

आपल्या घरात ही खूण कशी सुरू झाली ते तुला माहीत आहे. मी कॉलेजात गेले आणि अण्णा प्रत्येक कागद माझ्यापुढे ठेवू लागले. विजेचा अर्ज असो, कारखान्याच्या जागेचा भाडेकरार असो, बाळच्या शाळेच्या दाखल्याचं पत्र असो. मी वाचायची, चुका काढायची आणि कोपऱ्यात पेन्सिलने बरोबरची खूण करायची. मग अण्णा न वाचता सही करायचे. "ताईने बघितलंय," म्हणायचे. पुढे बाळही तसंच करू लागला. पुढे तू. घरात शिकलेलं माणूस एक, बाकीच्यांनी डोळे मिटले तरी चालतं अशी आपली रीत पडली. मला ती रीत आवडायची. कारखान्याच्या कामात माझा हात नव्हता, पण माझ्या खुणेशिवाय तिथला कागद हलत नव्हता.

आता चिमणीकडे काय झालं ते पूर्ण सांगते. मागच्या पत्रात अर्धंच सांगितलं.

मी कागद सहज दाखवला नव्हता. तो दाखवायला म्हणूनच गेले होते, पेन्शनचा कागद हे निमित्त. गेले पंधरा दिवस मला तो करार पिशवीत असला तरी दिसत होता. चिमणीने चष्मा डोक्यावर चढवला, पानं उलटली आणि विचारलं, "बाई, या करारातल्या पत्नी कुठे आहेत?"

मी म्हटलं, "तिच्या गावी. तिच्या वतीने मी आले आहे."

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"नणंद."

ती हसली. "म्हणजे नवऱ्याच्या बहिणीने बायकोच्या वतीने सल्ला घ्यायचा. बाई, तुम्ही आम्हाला निबंधात असं लिहू दिलं असतं का?"

ती पुढे वाचत राहिली. नवव्या कलमाशी थांबली, परत वाचलं, आणि म्हणाली, "हे मात्र कुणीतरी भारी लिहिलंय. बाकीचा कागद नेहमीचा, वकिली खिचडी. पण हे कलम बघा. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही, कुठून सुटायला फट नाही. वकील इतकं स्वच्छ लिहीत नाहीत हो."

मी खिडकीबाहेर बघत होते. खाली एक माणूस सायकलची साखळी बसवत होता, तो बसवून निघून जाईपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिले.

मग ती अकराव्या कलमावर आली. तिथे लिहिलं आहे की दोन्ही पक्षांनी आपापल्या वकिलाचा स्वतंत्र सल्ला घेऊन, समजून-उमजून सही केली आहे. चिमणी म्हणाली, "घेतलाय का त्यांनी सल्ला?" मी म्हटलं नाही. "मग हे खोटं आहे आणि याच्याच खाली त्या सही करणार. उद्या काही बिनसलं आणि त्या म्हणाल्या, मला समजलं नव्हतं, तर समोरचा माणूस हेच वाक्य काढून दाखवेल. सांगायला जागाच राहणार नाही."

मी विचारलं, "तिने काय करावं?"

"ते मी तुम्हाला सांगणार नाही. त्यांना सांगेन, किंवा त्यांच्या गावातली कुणी सांगेल. त्यांना एकटीला. तुम्ही बाहेरच्या बाकावरसुद्धा बसायचं नाही, बाई. तुम्ही बाहेर बसलात की त्या आत तुमच्या तोंडाने बोलणार."

माझ्या विद्यार्थिनीने मला खोलीबाहेर काढलं, आणि तिचं बरोबर होतं.

आता नववं कलम. तू ते वाचलं नसशील, म्हणून साध्या भाषेत सांगते. तू कारखाना सोडलास, किंवा बाळने नाहीतर भागीदाराने तुला बाजूला केलं, तर तुला हे काम पुन्हा कधी करता येणार नाही. स्वतःचं दुकान नाही. कुणाबरोबर भागीदारी नाही. कुणाकडे पगारावरसुद्धा नाही. घर तुझ्या नावावर राहील, आणि त्या घरात तू हात बांधून बसशील.

बाळ जूनमध्ये इथे आला होता ते आठवतं? तुला सांगितलं होतं, ताईचा नळ बघायला. नळ त्याने बघितलासुद्धा नाही. तो माझ्या टेबलाशी बसला आणि म्हणाला, "ताई, भागीदार विचारतो, बायको सोडून गेली आणि समोर दुकान टाकलं तर? गिऱ्हाईक तर सगळं तिला ओळखतं." बाळ छप्पन्न वर्षांचा झाला तरी बाळच. त्याला तुझं वाईट करायचं नाही. तो घाबरतो. कातडं कापायची रापी त्याच्या हातात कधी बसली नाही, आणि तू नसशील तर त्या कारखान्यात फक्त पाटी उरेल हे तो जाणून आहे. त्याने एका कागदावर काहीतरी खरडून आणलं होतं: "पत्नी वेगळे दुकान काढणार नाही." एवढंच. त्यात किती फटी होत्या. दुकान नाही काढलं आणि घरी काम केलं तर? दुसऱ्याच्या नावाने केलं तर? नोकरी धरली तर?

मी पेन घेतलं आणि त्या फटी बुजवल्या.

ते कलम माझं आहे, धाकटे. शब्द न् शब्द माझा. "पगारावर" हा शब्द तर बाळच्या ध्यानीमनीही नव्हता. तो म्हणालासुद्धा, "एवढं नको गं." मी म्हटलं, "लिहायचं तर धड लिही." आणि वकिलाकडून टाइप होऊन आलं तेव्हा मी त्याच पानावर खूण केली.

का केलं, हे तू विचारणार नाहीस. तुझा स्वभाव नाही. पण मला सांगितलं पाहिजे.

गेल्या वर्षी मी कारखान्यात आले होते. तू एका कंडक्टरचं माप घेत होतीस, तो उंच, उजवा पाय आखूड असलेला. तू जमिनीवर गुडघे टेकून त्याच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवत होतीस. त्याने भिंतीवरच्या अण्णांच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "हे तुमचे वडील का, मॅडम?" तू मान वर न करता म्हणालीस, "हो, तसंच म्हणा." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "आणि या?" पट्टे शिवणारी बाई म्हणाली, "त्या पाहुण्या आहेत, मालकांच्या बहीण."

एवढंच झालं. तुला आठवतही नसेल. मी मात्र ते वर्षभर बरोबर घेऊन फिरले.

अण्णा माझे वडील. रापी धरायला त्यांनी आधी मला बोलावलं होतं. मी सतरा वर्षांची होते. मी म्हटलं, मला कॉलेजात जायचं आहे, माझ्या पुस्तकांना कातड्याचा वास येतो. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पुढे तू आलीस. बावीस वर्षांची, हाताला घाम येणारी, आणि त्यांनी तुला सगळं दिलं. प्लॅस्टरमध्ये पाय कसा उतरवायचा, बुचाचा तळ कसा घासायचा, माणूस चालत आला की नुसत्या आवाजावरून कुठली टाच झिजते ते कसं ओळखायचं. शेवटच्या आजारपणात ते तुझ्या हातून खात होते. मी सुट्टी मिळाली की येत होते.

तेव्हा त्या कंडक्टरला तू म्हणालीस ते खोटं नव्हतंच. ते माझ्यासमोर म्हणालीस एवढंच झालं. तो राग मला कुणावर काढता आला नाही, तो मी एका वाक्यात घातला. आणि वाक्य चांगलं जमलं, म्हणून मला दोन दिवस बरंही वाटलं. हे सगळ्यात वाईट.

आता माझं म्हणणं ऐक. माझी खूण खोड. रबर घे आणि पानापानावरून खोड. मग तो कागद घेऊन त्या औषधाच्या दुकानावर जा. हे पत्रही बरोबर घेऊन जा आणि वकीलबाईंना दाखव. माझी भीड धरू नकोस. त्या सही कर म्हणाल्या तर कर, नको म्हणाल्या तर करू नकोस, आणि दोन्हीही न ऐकता तुझ्या मनाने ठरवलंस तरी चालेल. पण त्या आधी तुला सगळं ठाऊक असू दे.

तू आता मला काय म्हणशील याचा अंदाज मी करत नाही.

ताई


१९ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस,

तुझं उत्तर नाही. ते येईल म्हणून मी वाट बघितली असं लिहिणार नव्हते, पण बघितली. टपालवाला आता मला बघूनच लांबून हात हलवतो.

जे कळलं ते बाळकडून. तो परवा सकाळी फोनवर ओरडत होता, त्यामुळे शेजारच्या बाईंनाही कळलं. तू बारा तारखेला गेलीस. एकटी गेलीस. तासभर आत होतीस. घरी येऊन तू जेवायला वाढलंस आणि म्हणालीस, "पंधराला सही होणार नाही." त्याने विचारलं का, तर म्हणालीस, "मला अजून दोनदा जायचंय." एवढं सांगताना त्याचा आवाज असा झाला होता की मला तो शाळेत नापास झाला होता तो दिवस आठवला.

मग त्याने मुद्द्याचं सांगितलं. तुझ्या वकीलबाईंनी त्याच्या वकिलांना पत्र पाठवलं आहे की नववं आणि अकरावं कलम तुला कुणी समजावलं नव्हतं. बाळ म्हणाला, "ताई, तू फक्त एवढंच लिहून दे. तू तिला सगळी कलमं वाचून दाखवली होतीस, समजावली होतीस, आणि ती हो म्हणाली होती. तुझी खूण पानापानावर आहेच. कुणीही विश्वास ठेवेल."

मी म्हटलं, "मी तिला वाचून दाखवलं नाही."

"तसं आपल्याकडे कोण कुणाला वाचून दाखवतं? तू वाचलंस म्हणजे सगळ्यांनी वाचलं."

"आता तसं नाही."

तो म्हणाला, "तू माझी बहीण आहेस की तिची?"

मी फोन ठेवला. उत्तर येत नव्हतं म्हणून नाही. मोठ्याने द्यायचं नव्हतं म्हणून.

त्याच दुपारी बसून एक कागद लिहिला. या पत्रासोबत तो जोडला आहे. त्यात चारच गोष्टी आहेत. नववं कलम मी लिहिलं. ते लिहिताना तू हजर नव्हतीस. ते मी तुला कधी वाचून दाखवलं नाही, समजावलं नाही. आणि कागदावरच्या माझ्या खुणेचा अर्थ तू सल्ला असा घेतलास, तसा तो घ्यावा अशीच आमच्या घराची रीत आहे, हे मला खूण करताना माहीत होतं. चौथं वाक्य लिहायला बाकीच्या तिन्हींपेक्षा जास्त वेळ लागला.

लिहिला, पण सही केली नाही. पेन उघडलं आणि मला माझंच हसू आलं. तुला दोन पत्रं लिहून शहाणपण शिकवलं आणि स्वतः न विचारता सही करायला निघाले होते. पिशवी घेतली आणि चिमणीकडे गेले.

तिने कागद वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाली, "बाई, हे देऊ नका."

मी म्हटलं, "का? खरं आहे."

"खरं आहे म्हणूनच. पत्रात तुम्ही घरातलं घरात सांगितलंत, ते ठीक. हा कागद बाहेर जाणार. भाऊ म्हणेल, बहिणीने बायकोला हत्यार दिलं. तो तुमच्याशी बोलायचा थांबेल. उद्या प्रकरण वाढलं तर तुम्हाला बोलावतील, उभं करतील, आणि त्यांचा वकील विचारेल, हा राग जुना आहे का, तुम्ही मुद्दाम केलंत का. तुम्ही खरं सांगणार, मला माहीत आहे. चार लोकांत. या वयात."

"चिमणे, मी तुला..."

"बाई, आत्ता मी तुमची विद्यार्थिनी नाही, वकील आहे. मध्ये बोलू नका. आणि तुमच्या भावजयींच्या कामाला याची गरज पडेलच असं नाही. याच्याशिवायही त्या जिंकतील कदाचित. तुम्ही मात्र नक्की हरणार. म्हणून माझा सल्ला, सही करू नका. घरी जा, दोन दिवस थांबा, आणि तरीही वाटलं तर मला फोन करा."

मी घरी आले. दोन दिवस थांबले. तिने सांगितलेलं एकेक परत मनाशी वाचलं, जसं इतरांच्या कागदात मी वाचते तसं, चूक शोधत. एकही सापडली नाही. बाळ बोलायचा थांबेल हे मला पटलं. तो फार तर चार-सहा महिन्यांनी फोन करेल आणि हवापाण्याचं बोलेल, आणि ते तसंच चालू राहील. मला एकच भाऊ आहे. चार लोकांत उभं राहायचं तर माझा गुडघा दुखेल, पण त्याचं काही नाही, तुझे बूट आहेत.

आज सकाळी चिमणीला फोन केला. म्हटलं, तुझा सल्ला समजला, सगळा समजला, तो बरोबर आहे, आणि मी सही करते आहे. ती म्हणाली, "मग ठीक आहे. समजून करताय एवढंच मला बघायचं होतं." शेजारच्या बाई साक्षीदार झाल्या. सही करण्याआधी त्यांना मी कागद वाचायला लावला, मोठ्याने. त्यांनी दोन ठिकाणी अर्थ विचारला, मी सांगितला. मग त्या म्हणाल्या, "तुमचा भाऊ चिडेल हो." मी म्हटलं, "हो."

कागद तुझ्या ताब्यात. वकीलबाईंना द्यायचा की ट्रंकेत ठेवायचा की चुलीत घालायचा, ते तू ठरव. मला विचारू नकोस. नवा करार होईल तेव्हा तोही मला पाठवू नकोस. आपल्या घरातला एक तरी कागद मी न वाचलेला असू दे.

एक गोष्ट राहिली. मागच्या पत्रात कंडक्टरच्या प्रसंगाबद्दल लिहिलं, तेव्हा तुझ्यावर दोष येईल असं काही लिहिलं गेलं असेल तर ते माझ्याकडून चुकलं. अण्णांबद्दल तू दिलेलं उत्तर बरोबर होतं. त्यांना विचारलं असतं तर त्यांनीही तेच दिलं असतं.

या पत्राला उत्तर द्यायचंच असं नाही. आणि दिलंस, तर तुझ्या वकीलबाई म्हणतील की आधी त्यांना दाखव, मग पाठव. ते योग्यच होईल, मीही तेच सांगेन.

पण न दाखवता लिहिलंस, तर मला जास्त बरं वाटेल.

तुझी
ताई